मांडी घाला

शौर्यचक्र मिळवलेल्या निवृत्त सुभेदार हणमंत जगदाळ्यांचा फरीदाबादच्या मराठी मंडळात कीर्तनाआधी सत्कार झाला. सेक्रेटरी सरपोतदारांनी मानपत्र कसंबसं उरकलं, फोटो मात्र चार काढून घेतले आणि प्रायोजकाच्या मेव्हण्यासाठी सुभेदारांची खुर्ची ओढून नेली. सुभेदार एक पाय पुढे पसरून सतरंजीवर टेकले. बुवांनी नामाचा गजर धरला, तसे ते सगळं विसरून टाळ्या वाजवू लागले.

तेवढ्यात सरपोतदार कानाशी आले. "काका, देवाकडे पाय पसरून बसलात? मांडी घाला. कीर्तन आहे, तुमची कँटीन नव्हे! जमत नसेल तर बाहेर बसा, चलो."

सुभेदारांनी पँट वर सारली, पट्टे सोडले आणि तो नकली पाय सरपोतदारांच्या हातात दिला.

"घ्या, याला बसवा बाहेर. मी कीर्तन ऐकतो."