रडायला एक माणूस

पहिला बार झाला तेव्हा शामकांतांनी खिडकीत बसून टाळी वाजवली.

"पडलं एक!" ते म्हणाले.

खाली, ब्लॉकसमोरच्या मोठ्या झाडाभोवती लाल-पांढरी फीत बांधली होती. ठेकेदाराची माणसं बंदुका रोखून वर बघत होती. कावळ्यांची पिल्लं घरट्याबाहेर येऊन फांदीवर बसली होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं, त्यामुळे नेम चुकायचा प्रश्नच नव्हता. मोठे कावळे वर घिरट्या घालत नुसते ओरडत होते.

"आमच्या जहाजाचा गोरा कॅप्टन सांगायचा," शामकांत सुनेला म्हणाले, "त्याच्या गावात मे महिन्यात अश्शीच पिल्लं मारतात. पिकाचा त्रासही जातो आणि वर कणकेच्या पारीत भाजून खायलाही होतात. कोवळी असतात ना!"

मेधाने त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला. "पिल्लं होती म्हणून तो कावळा अंगावर आला, बाबा. ती उडून गेली असती की आपोआप थांबला असता."

"अंगावर नाही आला. शिवला. डोक्याला शिवला."

गेल्या आठवड्यात, मुलाच्या या परदेशातल्या घराजवळ, बुकित पंजांगच्या एलआरटी रेल्वे स्टेशनाकडे चालताना एका कावळ्याने मागून येऊन त्यांच्या टकलावर चोच मारली होती. ओरखडा लगेच वाळला, भीती काही वाळेना. कावळा डोक्याला शिवला की माणूस जातो, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलं होतं. जन्मभर जहाजांची इंजिनं चालवलेला हा चीफ इंजिनिअर, वादळाला भ्याला नाही, आगीला भ्याला नाही, आणि कावळ्यापुढे गार पडला. मुलाच्या, प्रबोधच्या, मागे लागून त्यांनी नगर परिषदेकडे तक्रार करायला लावली. कावळाच मेला की त्याने आणलेलं मरणही त्याच्याबरोबर जाईल, असं त्यांचं म्हणणं.

खरं तर यावर जुना उतारा आहे. आपण मेल्याची खोटी बातमी रक्ताच्या माणसाला कळवायची. ते रडलं की मरण टळतं. मग खरं सांगून टाकायचं. पण भाऊ उल्हास गेल्या वर्षीच गेला होता, प्रबोध घरातच होता, आणि राहिली होती ती एकटी चैताली. लेकीचं नाव या घरात काढायचं नाही, हा त्यांचाच हुकूम होता. म्हणून त्यांनी बंदुकीवर भिस्त ठेवली.

चैतालीने त्यांच्याच इंजिनरूममधल्या फिटरच्या मुलाशी लग्न केलं. त्या दिवशी शामकांत नेसत्या कपड्यांनिशी न्हाणीघरात गेले आणि डोक्यावर पाणी ओतून घेतलं. जिवंत मुलीच्या नावाने अंघोळ केली त्यांनी. ओल्या अंगाने बाहेर येऊन नातेवाइकांना म्हणाले, "आमची मुलगी गेली." पुढे तिची आई वारली, तेव्हा तिच्या दहाव्याला चैताली आली होती. तिला जिन्यातच उभं ठेवलं. आता तिच्याचकडे रडणं मागायची अशा माणसाला लाज वाटली, तर नवल काय?

गोळीबार थांबला. माणसांनी पिल्लं काळ्या पिशवीत भरली, फीत गुंडाळली आणि ती निघून गेली. तेवढ्यात एक मोठा कावळा समोरच्या ब्लॉकच्या कठड्यावर येऊन बसला आणि यांच्या खिडकीकडे तोंड करून ओरडू लागला.

शामकांत ताडकन उठले. "तोच! हलकटांनी पिल्लं मारली आणि त्याला सोडला!"

"बाबा, सगळे कावळे सारखेच दिसतात," प्रबोध लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला.

"तिला लाव."

"कुणाला?"

"तुझ्याकडे नंबर आहे. चोरून बोलता, मला ठाऊक आहे. सांग, बाप मेला. रडली की झालं."

"इतक्या वर्षांनी तिला तुमचं नाव ऐकवायचं ते असं? माझ्याच्याने नाही होणार."

"मग मी मरू? की तेवढीच वाट बघताय दोघं?"

प्रबोधने रागारागाने फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर आपटला.

"चैताली," तो म्हणाला. "बाबा गेले गं."

शामकांत टेबलावर वाकले, कान देऊन. आणि मग तिने हंबरडा फोडला. मेधाने तोंडावर हात दाबून धरला. रडणं काही थांबेना. मध्येच हुंदक्यातून शब्द आले, "दादा, शेवटी माझं नाव घेतलं का रे त्यांनी? एकदा तरी?"

प्रबोधने वडिलांकडे पाहिलं. उतारा लागू पडला होता. पण शामकांतांना ते आठवलंच नाही. मुसमुसेल थोडीशी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. आपल्यासाठी कुणी असं रडेल हे त्यांना कधी वाटलंच नव्हतं. त्यांनी झडप घालून फोन उचलला.

"चैतू! अगं, मी आहे. बाबा. मला काही झालेलं नाही. कावळा शिवला होता, म्हणून... तू ये इकडे. प्रबोध तिकीट काढतो. जावयांनाही आण. ये गं, चैतू."

रडणं थांबलं. नाक ओढल्याचा आवाज आला. समोरच्या कठड्यावर कावळा अजून ओरडत होता.

"बरं झालं, बाबा, वाचलात," चैताली म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माझं मात्र रडून झालं. ठेवते आता. अंघोळ करायचीय."