आखूड हौद्याचा हिच

"पिकअपचा हौदा आखूड म्हटल्यावर पहिला प्रश्न वळणाचा येतो, बाई," लीलँड म्हणाला आणि आपल्या ट्रेलर-सामानाच्या दुकानाच्या काउंटरमागून बाहेर आला.

व्हर्लीनने पर्स छातीशी धरली होती. आत फोन चालू होता आणि इथला शब्द न् शब्द टिपत होता. वकिलाने सांगितलं होतं, दुकानदाराच्या तोंडून काही मिळालं तरच खटल्यात दम राहील.

तिने भावाचं नाव पुढे केलं होतं. भावाने राहायचा मोठा फिफ्थ व्हील ट्रेलर घेतलाय, पिकअप मात्र आखूड हौद्याचा आहे, तर तो अडकवायचा जोड, म्हणजे हिच, कुठला बसवावा, एवढंच तिने विचारलं होतं.

लीलँड साठीचा, जाडजूड, गुडघ्यांनी बेजार माणूस होता. त्याने दोन्ही हातांनी पिकअप आणि ट्रेलर करून दाखवले. ट्रेलरचं नाक हौद्यात टेकतं. हौदा लांब असेल तर कितीही वळवा. आखूड असला की अवघड वळणावर ट्रेलरचा कोपरा सरळ केबिनच्या मागच्या काचेवर येतो. त्याने डाव्या हाताची मूठ उजव्या तळव्यावर आपटली.

व्हर्लीनने नजर खाली वळवली. तो आवाज तिला ऐकवेना.

मेमध्ये वायोमिंगमध्ये ट्रेलर लावायच्या एका तळावर ती स्वतःच खाली उतरून हात हलवत होती. ये, अजून ये, भरपूर जागा आहे. तिचा नवरा ऑल्टन मान वळवून मागच्या काचेतून बघत मागे येत होता. अवघड वळण होतं, पण त्याने चाक बिनधास्त फिरवलं. मग काच फुटली. नुसती फुटली नाही, त्याच्या तोंडावर उडाली. एक डोळा त्याच दिवशी गेला, दुसरा ऑगस्टमध्ये. अडतीस वर्षं रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस आता भिंत चाचपत न्हाणीघरात जात होता.

आणि तो कुणाला दोष देत नव्हता. दुकानदाराचं नाव काढलं की म्हणायचा, "सोड ना, व्हर्लीन." त्यावर मग जेवायचाही नाही. मुलगा रॉयसही तेच म्हणायचा. रॉयस बिचारा अपघातापासून घरीच येऊन राहिला होता. बापाची दाढी करायचा, डोळ्यांत थेंब घालायचा. एप्रिलमध्ये आई-बाप शायेनला गेले असताना पिकअपवर हिचही त्यानेच बसवून ठेवला होता. आज तोच तिला गाडीतून इथे स्कॉट्सब्लफ गावात घेऊन आला होता. शेजारच्या औषधाच्या दुकानात जाऊन येते, असं सांगून ती इकडे शिरली होती.

"मग साधा हिच नको?" तिने विचारलं. "भाऊ जरा हात राखून खर्च करतो."

"भावाला म्हणावं, दुसरीकडे कंजूषपणा कर." लीलँडने खालच्या फळीवरचे दोन सरकते हिच दाखवले. एकात खाली उतरून दांडा ओढावा लागतो. माणूस आळशी असला तर ओढत नाही, आणि नेमका त्याच दिवशी घोटाळा होतो. दुसरा वळणावर आपोआप मागे सरकतो. "आखूड हौद्याला मी हाच देतो. साधा मागितला तर नाही म्हणतो."

"कधीच दिला नाही?"

लीलँडने फळीवरचा हात काढला. बाहेरच्या वाऱ्याने दाराची काच थरथरली.

"एकदा दिला," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये."

व्हर्लीनला एवढंच तर हवं होतं. आता पर्स उचलून निघून जायचं, बाकी वकील बघून घेईल. पण ती निघाली नाही.

"ऑल्टन ब्रीडलव्ह," ती म्हणाली. "उंच, निळी टोपी. माझा नवरा. त्याचे दोन्ही डोळे गेले, मिस्टर लीलँड. तुमच्या हिचने गेले."

लीलँडने मागचं स्टूल हाताने शोधलं आणि त्यावर बसला.

"मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "देवाशप्पथ, बाई. मला ते चांगले आठवतात. दुपारभर इथे बसले होते. ट्रेलरची सवय नाही म्हणाले, बायको बरोबर असते, धोका नको. आपोआप सरकणारा घेतला त्यांनी. पैसे देऊन घेऊन गेले."

"खोटं. पिकअपमध्ये साधा होता. विमा कंपनीच्या माणसाने पाहिलाय."

"असेल. कारण दुसऱ्याच दिवशी हिच परत आला. न उघडलेल्या खोक्यात. बदली साधा नेला, किमतीतल्या फरकाचे पैसे रोख मागून घेतले. मी समजावलं. भांडलोसुद्धा. शेवटी दिला. तिथे चुकलो मी."

व्हर्लीन हसली. माणूस बुडायला लागला की काय काय धरतो.

"ऑल्टनने हिच घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शायेनला होतो," ती म्हणाली. "माझ्या बहिणीचं दफन होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत ऑल्टन माझ्या शेजारी होता. कोर्टात शंभर माणसं सांगतील. आता बोला."

लीलँडने तोंड उघडलं, तेवढ्यात दार ढकललं गेलं. वाऱ्याबरोबर रॉयस आत आला. केस विस्कटलेले, हातात गाडीची किल्ली.

"आई, तू इथे काय..." तो म्हणाला आणि लीलँडला पाहून दारातच थांबला.

लीलँडने त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. घाई न करता तो स्टुलावरून उठला आणि त्याने रॉयसकडे बोट केलं.

"दुसऱ्या दिवशी तुमचा नवरा आला होता असं मी म्हणालोच नाही, बाई. हिच परत करायला हे आले होते."