भिंतींवरचं नाव

आखातातल्या रुवी शहरात, एका हॉलमध्ये मराठी मंडळाची वक्तृत्व स्पर्धा चालू होती. माइकसमोर तेरा वर्षांची आकांक्षा इजिप्तच्या राजांबद्दल बोलत होती. पहिल्या रांगेत तिचा बाप रुपेश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. सोहारच्या कारखान्यातून तो खास त्यासाठी आला होता. शेजारी तृप्ती, त्याची दुसरी बायको. भाषण तिनेच लिहून दिलं होतं.

सुरुवातीचे राजे देवच मानले जायचे, आकांक्षा सांगत होती. त्यांनी पिरॅमिड बांधले. चोरांनी ते फोडले, तेव्हा नंतरच्या राजांनी आपली थडगी डोंगरात लपवली. पुढे राजे देव कमी आणि सेनापती जास्त झाले.

लिहिलेल्या भाषणात आता परके ग्रीक राजे यायचे होते. आकांक्षा थांबली. तिने तृप्तीकडे पाहिलं.

"मध्ये एक राणी होती, हत्शेपसूत," ती म्हणाली. "राजा मेला. त्याचा मुलगा लहान होता. ही त्याची सावत्र आई. ती म्हणाली, मी सांभाळते. आणि मग स्वतःच राजा झाली. खोटी दाढीपण लावली."

हॉलमध्ये हशा पिकला. रुपेशही हसला. तृप्ती हसली नाही. हे तिने लिहिलं नव्हतं.

लग्न होऊन वादी कबीर भागातल्या रुपेशच्या फ्लॅटमध्ये आल्यावर तिने आकांक्षाच्या वारलेल्या आईचा फोटो बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत नेला होता. आकांक्षा तेव्हा काही बोलली नव्हती. फक्त त्या दिवसापासून ती तृप्तीशी इंग्रजीतच बोलायची. इंग्रजीत 'यू' म्हटलं की भागतं. मराठीत आई म्हणायचं की काकू, ते ठरवावं लागतं.

"मुलगा मोठा झाला," आकांक्षा पुढे म्हणाली. "खूप मोठा राजा झाला. पण गप्प राहिला. ती मेली, तरी खूप वर्षं गप्प राहिला. मग त्याने माणसं पाठवली, आणि देवळांच्या भिंतींवरून तिचं नाव..."

शब्द सुचेना. इंग्रजी शब्द आला की गुण कापणार, असं सगळ्या मुलांना बजावलेलं होतं. तिने हवेत नखं ओढून दाखवली. मागे कोणीतरी खुसखुसलं. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. आकांक्षाचे कान लाल झाले.

"अडकली बघ," रुपेश कुजबुजला. "पुढे काय लिहिलं होतंस तू?"

तृप्ती पाठ ताठ करून बसली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खरवडून काढलं."

आकांक्षाने तिच्या नजरेला नजर दिली.

"खरवडून काढलं," ती म्हणाली. तृप्तीने शिकवलं होतं तसं, एकेक अक्षर सुटं करून.