मोठीबाईचे दात

"हात घालू नका! आधी तिला काढू द्या मला!"

मुलीने दप्तर दारातच टाकलं आणि पिंजऱ्याकडे धाव घेतली. नव्या गिनीपिगला तिने झटकन उचलून छातीशी धरलं. नवी आई जागच्या जागी थिजली. शाळेतून आल्या आल्या पोरीला सुखद धक्का द्यायचा, असा तिचा बेत होता. धक्का बसला खरा, पण तो तिलाच.

"असं सरळ आत सोडायचं नसतं," मुलगी धापा टाकत म्हणाली. "ते घर त्या तिघींचं आहे."

नवी आई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून जीव मुठीत धरूनच वावरत होती. नवऱ्याची भीती नव्हती, तो बिचारा गरीब गाय. भीती होती ती या दहा वर्षांच्या पोरीची. ती कधी उलट बोलत नसे. पण दारं आपटायची. नवी आई जेवायला बसली की आपलं ताट उचलून खोलीत जायची. सोफ्यावर आडवी पसरायची, दुसऱ्या कोणाला टेकायलाही जागा राहू नये अशी. आणि त्या तीन गिनीपिगांना तर ती हातही लावू देत नसे. तिच्या आईने आजारी पडायच्या आधी आणलेल्या त्या. म्हणून खूप विचार करून नव्या आईने चौथी आणली होती. 'नाही जमलं तर संध्याकाळपर्यंत परत आणा,' असं दुकानदार म्हणाला होता. लग्नात तिला असं कोणी सांगितलं असतं, तर ती एव्हाना परत गेलीही असती.

"बाथरूममध्ये सोडू," मुलगी म्हणाली. "तिथे कोणाचाच वास नाही."

मग हुकूम सुटले आणि नवी आई ते मुकाट्याने पाळत गेली. तिने फरशी साबणाने धुऊन कोरडी केली. बादल्या बाहेर काढल्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांना मुलीने दोन-दोन दारं कापली, कारण एकच दार असलं की आतली कोंडली जाते आणि चावते. सगळ्यांना एकच वास यावा म्हणून चौघींना एकाच टॉवेलने पुसलं. मधोमध गवताचा ढीग घातला. पोरगी इतकं कधी बोललीच नव्हती. पण त्याचा आनंद मानायचीही नव्या आईची हिंमत होईना. तिघींपैकी एकीला जरी ओरखडा आला, तर या घरात आपली धडगत नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

दोघी दाराला पाठ लावून खाली बसल्या. मुलीने चौघींना सोडलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग जुन्या तिघींतल्या तपकिरी रंगाच्या मोठीबाईने मान वर केली. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. घशातून घुर्रर्र असा आवाज काढत ती डुलत डुलत पुढे निघाली. बाकीच्या दोघी पुढाऱ्यामागच्या कार्यकर्त्यांसारख्या तिच्या मागे. नवी भिंतीला चिकटून पळाली. मोठीबाई मागे. नवी एका खोक्यात शिरली, दुसऱ्या दाराने बाहेर पडली, आणि मोठीबाईने वळसा घालून तिला कोपऱ्यात गाठलंच. मग तो आवाज सुरू झाला. दात. एकमेकांवर कडाकड आपटणारे दात. एवढ्याशा जनावरात एवढा आवाज मावतो, हे नव्या आईला ठाऊक नव्हतं.

नवी किंचाळली. नव्या आईचा हात आपोआप पुढे गेला.

मुलीने तिचं मनगट घट्ट पकडलं. "रक्त आलं तरच. मध्येच उचललं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं."

पोरीने आजवर तिला बोटही लावलं नव्हतं. तो हात बर्फासारखा गार होता.

मोठीबाईने झेप घेतली. पांढऱ्या केसांचा पुंजका फरशीवर पडला. नवी कोपऱ्यात अंग चोरून बसली. पळायचंही सोडून दिलं तिने. नव्या आईला तिच्याकडे बघवेना. आपण रोज संध्याकाळी या घरात असेच बसतो, असं तिला वाटलं आणि तिला रडूच फुटलं.

"बास झालं," ती म्हणाली. "मी परत देऊन येते हिला. ती मोठी राहू देणार नाही हिला इथे. किती दुष्ट आहे ती!"

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिने मनगट सोडलं नाही.

"दुष्ट नाहीये ती," ती म्हणाली. "घाबरलीये. नवीपेक्षा जास्त."

"मोठीबाई? ती कशाला घाबरेल?"

"घरात नवी आणली ना. आता जुन्यांना कुठेतरी देऊन टाकणार, असं वाटतंय तिला."

दात वाजतच होते. नव्या आईने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच पोरीकडे नीट पाहिलं. पोरगी गिनीपिगांकडे बघतच नव्हती. मान खाली घालून ती फरशीच्या फटीतून नख फिरवत होती.

"मग तिला काय सांगायचं?" नव्या आईने हळूच विचारलं.

"की तिला कुठे पाठवणार नाही म्हणून. तुम्हीच सांगा. बाबा सांगतात, पण तिला खरं वाटत नाही."