लाल चिंधी

या, असे जवळ सरकून बसा. एका वायरिंगवाल्या मिस्त्रींची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण कान इकडे असू द्या.

मिस्त्री मागच्या सीटखाली डोकं खुपसून बसले होते आणि ताई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. गाडी ताईंची, जुनी. इंजिन मात्र दुसऱ्या गाडीतलं, गेल्याच आठवड्यात बसवलेलं.

"कुठून मिळालं हो इंजिन?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक गाडी मागून ठोकर बसून जळाली. पुढचं इंजिन तेवढं धड निघालं. बरं, हा स्विच कशासाठी?"

बाई प्रश्नांनी भंडावून सोडत होती. पण मिस्त्रींना समजावून सांगायची हौस!

"टाकीतला पंप विजेवर चालतो. गाडी आपटली तरी त्याला काय कळतंय? तो आपला फुटक्या नळीतूनही पेट्रोल ढकलत राहतो. मध्ये हा स्विच असला की धक्क्याने बटण उडतं आणि पंप गप्प."

"माझी धाकटी लेक उद्यापासून गाडी चालवणार आहे. मला करून दाखवा."

मिस्त्रींनी तार कच्ची जोडली, जोडावर लाल चिंधी बांधली आणि स्विच तळहातावर आपटला. टक्. पंपाची घरघर थांबली.

"चिंधी कशाला?"

"माझी सवय. तात्पुरत्या जोडाला चिंधी. ती दिसली की काम अपुरं आहे हे विसरायला होत नाही."

"आणि गिऱ्हाईक परत आलंच नाही तर?"

मिस्त्री खो खो हसले. "होता एक तसा! सारखा शीळ घालायचा. त्याच्या गाडीतला हाच स्विच जळालेला, नवा मिळेना आणि हा घाईत. दिली तार डायरेक्ट जोडून, बांधली चिंधी. 'काका, उद्या सकाळी येतो' म्हणाला. दोन वर्षं झाली, त्याचा उद्या काही उजाडत नाही!"

ताईही किंचित हसल्या.

मिस्त्रींनी चिंधी सोडली, जोड पक्का केला, वर टेप गुंडाळली. ताईंनी तो ओढून पाहिला. एकदा नाही, तीनदा.

"ताई, एवढा अविश्वास? मग बाजारात इतके वायरमन असताना माझ्याकडेच कशा आलात?"

"तुमचं काम पाहिलंय."

मिस्त्री खूश झाले. "कुठे पाहिलंत?"

ताईंनी पर्स उघडली आणि वीतभर करपलेली तार मिस्त्रींसमोर सीटवर ठेवली. तारेवर एक लाल चिंधी होती. अर्धी जळलेली, गाठ मात्र शाबूत.

"माझा थोरला तुमच्याकडेच यायला निघाला होता, मिस्त्री. दुसऱ्याच दिवशी, सकाळी. एवढी आठवण असू द्या त्याची."