हर्षलाचा नवा कॅमेरा

चित्राच्या कडा कापणाऱ्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच भागवावं की मोठ्या सेन्सरचा फुल फ्रेम घ्यावा, या घोळात वर्ष घालवून नेरळच्या फोटोग्राफर हर्षलाने एकदाचा फुल फ्रेम घेतला. पहिलंच काम पदूशेठ बिल्डरचं, जाहिरातीसाठी नदीकाठचा फोटो. जागा नेहमीचीच, लेन्सही जुनीच. पण या कॅमेऱ्यात आजूबाजूचंही मावलं. जुन्यात कधीच न आलेला, पदूशेठच्याच इमारतींचा मैल्याचा पाइप नदीत भडाभडा ओकत होता आणि खालच्या अंगाला पोशीर गावच्या बाया भांडी घासत होत्या. हर्षलाने फोटो थेट शेठच्या नाकासमोर धरला.

"शी! काय घाण हाय गं ही!" शेठने तोंड फिरवलं आणि फर्मावलं,

 

"उद्या तुजा जुनाच कॅमेरा आण."