यंत्रात दोष नाही

बायको भानुमती गेल्याचं संताजीला देपालपूरच्या आरोग्य शिबिरात कळलं. समोरच्या खाटेवर एक म्हातारा शेतकरी उघड्या छातीनं पडला होता आणि यंत्रातून त्याच्या हृदयाची पट्टी बाहेर येत होती. इंदूरहून शेजारचा नंदू पहिल्या बसनं आला. दारातच थांबून म्हणाला, "भिया, घरी चला." संताजीनं आधी पट्टी पूर्ण होऊ दिली. मग यंत्र बंद केलं.

बसमध्ये नंदूनं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. पहाटे पाचला गजर वाजला. वहिनी दचकून उठून बसल्या आणि तशाच आडव्या झाल्या. बायकांनी नाकाला कांदा लावला, तोंडावर पाणी मारलं. एरवी एवढ्यावर त्या शुद्धीवर यायच्या. आज नाही आल्या.

गजर संताजीनंच लावून ठेवला होता. नळाला पाणी पाचला यायचं.

तेरावं झालं. तिची पेटी आवरताना एका लुगड्याच्या घडीत त्याला कार्डिओग्रामची पट्टी सापडली. चार वर्षांपूर्वी, तो पट्ट्या काढायला होता त्या तुकोगंजच्या दवाखान्यात नवं यंत्र आलं, तेव्हा हात बसावा म्हणून त्यानं एका रविवारी भानुमतीलाच तिथे नेऊन झोपवलं होतं. ती हसून म्हणाली होती, "माझं काळीज कागदावर उतरणार? मग बघा, तुमचं नाव कुठं दिसतंय का." पट्टी ताणल्यासारखी आली होती. संताजीनं कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'कागद जास्त पळतो. यंत्र तपासावे.' आणि पट्टी टोपलीत टाकली. तिनं ती टोपलीतून उचलून ठेवली असणार.

सोमवारी त्यानं ती दवाखान्यातल्या श्रीकृष्ण डॉक्टरांपुढे ठेवली. डॉक्टरांनी कंपास घेतला, दोन टोकं ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं.

"कुणाची?"

"आमच्या घरातली."

"आणि हे कुणी लिहिलं?"

"मी."

"कागद पळाला असता तर सगळंच लांबलं असतं, संताजीराव. दोन ठोक्यांतलं अंतर बघा, बिलकुल बरोबर आहे. फक्त शेवटची लाट उशिरा संपते आहे." डॉक्टर हळू बोलले, "हृदयाच्या पेशीच्या भिंतीत बारीक दारं असतात. प्रथिनांची. एका दारातून सोडियम आत शिरतं आणि ठोका पडतो. दुसऱ्या दारातून पोटॅशियम बाहेर जातं, तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. माझा अंदाज आहे, वहिनींचं हे दुसरं दार नीट चालत नव्हतं. पेशी तयार नसताना जोराचा दचका बसला, तर हृदय धडधडायचं विसरतं. नुसतं थरथरत राहतं."

"दिसतं का ते दार?"

"आजवर कुणी पाहिलं नाही. विजेच्या मोजमापावरून कळतं, की आहे."

"तेव्हाच तुम्हाला दाखवलं असतं तर?"

डॉक्टरांनी दुसरंच काहीतरी विचारलं.

त्या दिवसापासून संताजीच्या घरातला आवाज गेला. गजराचं घड्याळ त्यानं चावी न देता कपाटात ठेवलं. सायकलची घंटी काढली. दाराची कडी चिंधीनं बांधली. शेजारच्या पोरांना अंगणात फटाके फोडू नका म्हणून हात जोडले. कुकरची शिट्टी नको म्हणून डाळ पातेल्यात शिजू लागली. गल्लीत कुजबुज झाली, की संताजीला बायको अजून घरात दिसते.

शेवटी नंदूच आला. चिंधी बांधलेली कडी बघत म्हणाला, "भिया, एक बात बोलू? बुरा नका मानू. वहिनी गेल्या. आता हजार घंट्या वाजल्या तरी कोण दचकणार?"

संताजीनं आत पाहिलं. नऊ वर्षांची कमल पाटीवर गणितं करत होती. गेल्या दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा ती अंगणात कोसळली होती. कांदा लावल्यावर उठली. सगळे हसले होते. भानुमतीसुद्धा. "दचकण्यात माझ्यावर गेलीये पोरगी," म्हणाली होती.

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं होतं, "मुलगी आहे ना तुम्हाला?" मग म्हणाले होते, "हे आईकडून येऊ शकतं. आता गोळ्या आहेत. पण आधी पट्टी पाहिजे. दवाखान्यात घाबरेल ती. यंत्र घरी न्या, आजच काढा."

यंत्र तेव्हापासून खिडकीखालच्या टेबलावर आहे. रोज संध्याकाळी संताजी स्वतःच्या मनगटांना आणि पायाला मलम लावतो, पट्टे आवळतो आणि स्वतःची पट्टी काढतो. कंपासानं मोजतो. लाट जिथे संपायला हवी तिथेच संपते. तो कागद नीट घडी करून ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी पट्टी काढतो.

"बाबा, माझी कधी?" कमल विचारते. "आईची होती ना, तशी मला पण पाहिजे."

"यंत्र तपासतोय, बेटा. उद्या."

आज शुक्रवार. पाच पट्ट्या झाल्या, पाचही बरोबर आल्या. यंत्रात काही दोष नाही. कमलची पट्टी अजून काढायची राहिली आहे.